संक्रांतीचा डूख

जानेवारी लागला की माझ्या आधी माझ्या खांद्यांना कळतं. सकाळी चहा गाळताना लक्षात येतं, खांदे कानांपर्यंत चढलेत, दात दातांवर घट्ट बसलेत आणि डाव्या हाताची बोटं कपाच्या कानाभोवती अशी वळलीत की कप खाली ठेवला तरी ती सरळ होत नाहीत. मग मी खिडकीतून बघते. डिंडोलीच्या रस्त्याकडेला पतंगाच्या दोरीवाल्यांनी खांब रोवलेले असतात. या खांबापासून त्या खांबापर्यंत पांढरा दोरा ताणलेला असतो, आणि बोटांना चिंध्या बांधलेली माणसं काचेच्या लगद्याचे गोळे दोऱ्यावरून फिरवत मागेपुढे चालत असतात. बघता बघता दोरा गुलाबी होतो. साधा गुलाबी नाही, भडक. आमच्या या साड्यांच्या शहरात, सुरतेत, त्या रंगाला राणी कलर म्हणतात.

सगळं शहर खुशीत असतं. कोपऱ्यावर हिरवागार पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, भाजला जातो, घराघरातून उंधियूचा वास येतो, पोरं आत्तापासूनच पिपाण्या वाजवत हिंडतात. हल्ली लोक दोरीपासून बचावाला स्कूटरच्या पुढच्या बाजूला लोखंडी सळईची कमान लावून घेतात, गळ्याला पट्टे बांधतात. चांगलं आहे. पण ती कमान दिसली की मला राग येतो. आमच्या वेळी ही कमान कुठे होती, असा तो राग. शेजारीण म्हणते, "मावशी, तुम्हाला उत्तरायण आवडत नाही का?" उत्तरायण म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. आवडत नाही हा फार गुळगुळीत शब्द झाला. मी त्या सणावर डूख धरून आहे.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेला आले, त्याला फार काळ लोटला नव्हता. माझ्या नवऱ्याचं नाव रतन. तेव्हा मी नाव घेत नव्हते, 'हे' म्हणायचे. आता लिहिताना घेते. पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात ते लूम चालवायचे. गल्लीच्या तोंडाशी सायकल आली की तिथूनच ओरडायचे, "सुशी वऽऽ, चहा ठेव!" सगळ्या गल्लीला कळायचं की रतनची पाळी सुटली. बायका मला हसायच्या. मी लाजून स्टोव्हला पंप मारायची. हाक अशी भरदार, की भिंतीला टांगलेला झारा थरथरतोय असं मला उगाच वाटायचं. माहेरची सगळी माणसं मागे राहिली होती, आणि या धुराच्या, रंगाच्या, अनोळखी भाषेच्या गावात माझं म्हणावं असं काही असेल तर ती हाक होती.

त्या संक्रांतीला लूम बंद होते. पांडेसऱ्याला रतनच्या मावशीकडे हळदीकुंकू होतं. मी काळी साडी नेसले, तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि सायकलच्या कॅरिअरवर बसले. दोन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी फुलल्या होत्या. गच्चीगच्चीवर टेप लावलेले, पिपाण्या, आरोळ्या. आभाळ पतंगांनी इतकं भरलेलं की मी मान वर करून तेच बघत होते. रतन काहीतरी गमतीचं सांगत होते. काय ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, अजून करते, आठवत नाही. शाबूत गळ्यातून निघालेलं त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्याने ठेवून घेतलं नाही, याचा मला फार राग आहे.

सायकल मध्येच थांबली. रतननी मानेवर हात नेला, डास मारायला नेतात तसा, अगदी साधेपणाने. मग ते वाकडे होऊन माझ्या अंगावर आले आणि आम्ही दोघं रस्त्यावर पडलो.

त्यानंतरचं मला दोन तऱ्हांनी आठवतं. काही गोष्टी इतक्या लख्ख की आत्ता हाताला लागतील. डबा उघडला आणि लाडू गडगडत गेले, किती सावकाश गेले! एक लाडू दगडाला अडून थांबला, मी तो थांबेपर्यंत बघितला. आवाज मात्र सगळे बंद झाले होते. पिपाण्या नाहीत, टेप नाही. रतनच्या गळ्यात राणी रंगाची एक रेघ रुतली होती आणि ती थरथरत होती, कारण वरून कोणीतरी ती ओढत होतं.

मी विचार केला नाही. विचार करणारी सुशीला तिथे नव्हतीच. डाव्या हाताने पदराचा बोळा करून गळ्यावर दाबला. उजव्या हाताने दोरी पकडली, ती तुटेना, बोटांत घुसली. मग तोंड खाली नेलं आणि दातांनी तोडायला लागले. ओठ फाटला ते कळलं नाही. दुखलं नाही. त्या वेळी माझ्या देहात दुखणं नावाची गोष्टच शिल्लक नव्हती.

तेवढ्यात कान उघडले आणि पहिला आवाज आला तो वरून. "ए बेन! दोरी नी तोडती! मारो पतंग जहे!" दोरी तोडू नको, माझा पतंग जाईल.

मी वर बघितलं. ऊन त्याच्या पाठीशी होतं, नुसता काळा आकार दिसला. त्याला खालचं काय दिसलं असेल? काळ्या साडीत एक बाई, हातात त्याची दोरी. काळ्या कपड्यावर रक्त दिसत नाही. पुढे लोकांनी मला हे पुष्कळ समजावलं. मलाही ते कळतं. कळण्याने काही होत नाही.

दोरी तुटली. शेजारच्या गच्चीवरून आरोळी उठली, "काय्पो छे!" आणि पिपाण्या वाजल्या. कोणाचा तरी पतंग कापला गेला याचा आनंद होता तो.

रिक्षा कोणी थांबवली, कुठल्या रस्त्याने गेलो, ते सगळं पुसलं गेलं आहे. एकदम सरकारी दवाखान्याची पांढरी फरशी आठवते. रतनला आत घ्यायचं होतं आणि माझा हात त्यांच्या गळ्यावरून निघत नव्हता. निघत नव्हता म्हणजे मी सोडत नव्हते असं नाही. मी सोडायला बघत होते, बोटं ऐकत नव्हती. सिस्टरने एकेक बोट उलगडलं, मोळी सोडवतात तसं. रतनला आत नेलं आणि मग माझं अंग सुटलं. दात इतके वाजायला लागले की मला वाटलं आता पडतील. साडी खालून ओली होती. ते रक्त नव्हतं, आणि ते कधी झालं याचा मला पत्ता नव्हता. मग मला हसू आलं. होय, हसू. बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. आणि हसू थांबल्यावर भूक लागली, अशी की समोरच्या बाईने दिलेल्या, चटणी लावलेल्या दोन भाकरी मी फाटक्या ओठाने, तिखटाची आग होत असताना, जनावरासारख्या खाल्ल्या.

मला फार दिवस या सगळ्याची लाज वाटे. नवरा आत मरतोय आणि ही हसते, खाते. तिथल्या एक डॉक्टरीणबाई अकोल्याकडच्या होत्या. त्यांनी माझ्या ओठाला टाका घालताना हळूच विचारलं, "स्वतःची लाज वाटून राहिली ना?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "काही नको वाटून घेऊ. तुझ्या जिवाने त्या वेळी बाकी सगळं बंद केलं आणि फक्त हात चालू ठेवला. म्हणून तुझा माणूस जिवंत आहे. आता जे बंद केलं होतं ते एकदम सुरू होतंय. थरथर, भूक, हसणं, सगळं. तुझं शरीर अजून त्या रस्त्यावरच उभं आहे. त्याला घरी यायला वेळ लागेल."

रतन वाचले. पण गळ्याच्या आतलं काहीतरी कापलं गेलं होतं, त्यामुळे आवाज गेला. पूर्ण नाही. कोरड्या पानांवरून कोणी चालावं तसा एक घासलेला आवाज राहिला. कारखान्यात त्याचा काही फरक पडला नाही. लूमच्या खडखडाटात तिथे कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, सगळे हातवारे करूनच बोलतात. मालक म्हणाला, तुला काय, तू ये कामाला. ते गेले. फरक पडला तो गल्लीत. आता सायकल गुपचूप येई. मी स्टोव्हपाशी असे, एकदम मागे माणूस उभा दिसे आणि माझ्या हातातलं भांडं पडे. दर वेळी पडे. रतन वाकून ते उचलत आणि म्हणत, "मी शे, मी." आणि त्यांनाच वाईट वाटे.

मी झोपत नव्हते. डोळा लागला की तो आवाज, "दोरी नी तोडती". दुपारी नाल्यावरून जाताना पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी वाहताना दिसे. कधी हिरवं, कधी निळं. ज्या दिवशी ते राणी रंगाचं असे त्या दिवशी मी नाल्याच्या काठाला बसून ओकत असे. पाळी थांबली. केस विंचरले की पुंजकेच्या पुंजके हातात. रतन म्हणायचे, "जीव वाचना ना, सोडी दे." त्यांना सोडता येत होतं, असं मला वाटायचं, आणि मग त्यांचाही राग यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शरीराला घरी यायला वेळ लागेल. पण मीच त्याला घरी येऊ देत नव्हते. मी त्याला त्या रस्त्यावर उभं करून ठेवलं होतं, वर बघत, गच्च्या धुंडाळत.

उन्हाळा लागल्यावर मी त्या रस्त्यावरच्या सोसायटीत धुण्याभांड्याची कामं धरली. रतनला सांगितलं, घरखर्चाला हातभार. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही. त्या बाजूला तीनच इमारती होत्या. त्यांपैकी कुठल्यातरी घरात तो आवाज राहत होता, आणि चेहरा माहीत नसला तरी आवाज मी लाखात ओळखला असता. भांडी घासताना मी कान लावून बसे. पुरुष बोलला की हात थांबवून ऐके. हा नाही. हाही नाही. त्या दिवसांत मला चमत्कारिक बळ आलं होतं. जिने चढताना दम लागत नसे.

चौथ्या मजल्यावर जयंतीभाई आणि हंसाबेन राहत. त्यांचं लेस-पट्टीचं दुकान होतं. घरात म्हातारे वडील. हंसाबेन मला चहा स्वतःच्या कपातून देत, आणि जयंतीभाई म्हणजे अगदी हळू बोलणारा, मान खाली घालून जेवणारा माणूस. मला 'सुशीलाबेन' म्हणे. इतर घरांत मी 'ए बाई' होते. मनात म्हणायची, सगळेच काही वाईट नसतात.

श्रावणातली गोष्ट. पाऊस उघडला होता, मी त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली भाजीवाला निघून चालला होता. जयंतीभाई माझ्या शेजारी येऊन कठड्यावरून वाकले आणि त्याला थांबवायला ओरडले, "ए भाई! ऊभो रे! ऊभो रे!"

माझ्या मनाला काही कळायच्या आत गुडघे गेले. तोंड सुकलं, कानात शिट्टी वाजायला लागली, डाव्या हाताची बोटं ओल्या चादरीत रुतून बसली. मी खाली बसले. हंसाबेन धावत आल्या, कांदा हुंगायला दिला. "शुं थयुं?" जयंतीभाई त्यांच्या हळू आवाजात विचारत होते, "डॉक्टरने बोलावुं?" त्याच घरात मी इतके दिवस भांडी घासत होते. तो हळू बोलायचा म्हणून मला कळलं नव्हतं. ओरडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. त्यानंतरही जातच राहिले. गच्ची झाडताना पाण्याच्या टाकीमागे मला गेल्या उत्तरायणाचं सामान सापडलं. फाटके पतंग, गुंता झालेली दोरी आणि कागदाच्या पुडीत उरलेली काचेची पूड. मी ती पुडी पदराच्या टोकाला बांधली. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. गॅसवर त्यांची डाळ उकळत असायची आणि मी एकटी स्वयंपाकघरात असायची.

आणि एक सांगते, जे मला अजून कोड्यात टाकतं. ती पुडी पदराला बांधल्यापासून मला झोप लागायला लागली. गाढ, स्वप्नाशिवाय. भांडी हातातून पडेनाशी झाली. पाळी आली. जे औषधाने झालं नाही, रतनच्या समजुतीने झालं नाही, ते सुडाने केलं. इतके महिने माझं अंग मार खाणाऱ्याचं अंग होतं. आता ते मारणाऱ्याचं झालं होतं आणि त्याला तेच हवं होतं.

मग ती डाळीत का घातली नाही? मोठेपणा म्हणून नाही. डाळ एकाच पातेल्यात शिजायची. त्यातलीच म्हाताऱ्याला, त्यातलीच हंसाबेनना, आणि त्यातलीच वाटीभर मला. त्याच्या एकट्यासाठी त्या घरात काही शिजतच नव्हतं. एक दिवस झाकण काढून मी उभी राहिले, वाफ तोंडावर घेत, आणि मला स्वच्छ दिसलं की हे त्याच्यापर्यंत नेमकं पोचणार नाही. मला नेमकं हवं होतं. पुडी मोरीत सोडली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. झोप पुन्हा गेली. पण आता मला वाट बघता येत होती.

उत्तरायण आलं. त्या सकाळी मी रतनला म्हटलं, "चला माझ्याबरोबर. कुठे ते विचारू नका." त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि निघाले. जिना चढताना मात्र थांबले. त्यांना तो रस्ता, ती इमारत ओळखू आली होती. माझ्याकडे बघितलं. मी वर चढत राहिले. मागून त्यांची पावलं आली.

गच्चीवर पाहुणे होते, उंधियू-जिलेबीच्या थाळ्या होत्या. हंसाबेनच्या हातात फिरकी, जयंतीभाईंच्या हातात दोरी, पतंग पार उंच. हंसाबेन खुशीने म्हणाल्या, "आव, सुशीला, बेस! आ कोण?"

"मारा घरवाळा," मी म्हटलं. मग मी जयंतीभाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. गुजरातीतच बोलले, त्यांना अडखळायला जागा राहू नये म्हणून. म्हटलं, "शेठ, गेल्या उत्तरायणाला तुमची दोरी खाली एका बाईने तोडली होती. आठवतं?"

ते हसले. "तूटे ज ने, बेन. आ तो उत्तरायण छे."

"तुम्ही ओरडला होता. दोरी नी तोडती, मारो पतंग जहे."

ते विचारात पडले. हसू अजून तोंडावर होतंच, फक्त त्याच्यातलं पाणी आटलं. "काळी साडीवाळी?"

"ती मी. दोरी कशात अडकली होती ते तुम्ही विचारलं नाहीत."

रतननी मफलर काढला. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून काढला, एक पाऊल पुढे आले आणि त्या घासलेल्या आवाजात म्हणाले, "सेठ, वो मैं था।"

आजूबाजूच्या गच्च्यांवर धिंगाणा चालूच होता. जयंतीभाईंच्या बोटांतून दोरी सुटली. फिरकी हंसाबेनच्या हातात भरारा फिरत राहिली.

आणि मग मी बघितलं. डोळे भरून बघितलं. आधी ओठांचा रंग गेला. थंडीतही वरच्या ओठावर घाम आला. आता याला आवाज लांबून येत असतील, मी मनात म्हटलं. आता तोंडात थुंकी उरली नसेल. आता गुडघे. गुडघे वाकले, ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. कोणीतरी पेला दिला, तो हातात धरता येईना, पाणी शर्टावर सांडलं. "मने खबर नोती," ते म्हणत होते, पुन्हा पुन्हा तेच, "मने खबर नोती." मला ठाऊक नव्हतं. त्या देहात पुढे काय होणार ते मला पायरीपायरीने माहीत होतं, कारण त्या सगळ्या पायऱ्या मी उतरले होते.

"आता खबर झाली ना," मी म्हटलं.

ते काम मी त्याच दिवशी सोडलं. होळीच्या सुमाराला हंसाबेन एकदा आमच्या गल्लीत आल्या. म्हणाल्या, हे आता गच्चीवर जात नाहीत, पिपाणी वाजली तरी दचकतात, रात्री उठून बसतात. "तू एक वार आवीने कही दे, के माफ कर्युं." मी त्यांना चहा दिला. चांगल्या बाई होत्या. पण माफ केलं हे सांगायला मी गेले नाही. तो दचकतो हे ऐकून मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं होतं, मग खोटं कशाला बोलायचं? पुढे मी पुष्कळ ठिकाणी वाचलं, ऐकलं, की राग धरणाऱ्यालाच जाळतो. जाळत असेल. मला तो उभं धरून ठेवत होता. माझं शरीर अजूनही दर जानेवारीत त्या रस्त्यावर जाऊन येतं. पण आता जाऊन येतं, तिथे राहत नाही. हे सुडामुळे की नुसत्या वर्षांमुळे, ते मला सांगता यायचं नाही. दया मात्र मला आली नाही. अजून येत नाही.

उत्तरायणाच्या त्या दिवशी जिना उतरून आम्ही रस्त्याला लागलो. सायकल आणली नव्हती, चालतच निघालो. रतन दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, रागावले. भल्या माणसाला मी न विचारता नेलं, चारचौघांत त्याची जखम उघडी केली. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी जायची म्हणून सगळे थांबले होते. आम्ही गर्दीत शेजारी शेजारी उभे राहिलो. गाडीच्या आवाजात त्यांचं ऐकू यायचं नाही, म्हणून गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत ते थांबले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"बरं वाटनं का तुले?"

"हो," मी म्हटलं.

फाटक वर गेलं, लोक चालायला लागले. त्यांनी हातातला मफलर पुन्हा गळ्याला गुंडाळला. मग म्हणाले,

"माले बी."